दीड गुंठा, माझ्या नावावर

२७ ऑक्टोबर

प्लॉट बघून आले! मांजरसुंब्याहून चौसाळ्याकडे येताना डाव्या हाताला, ढाब्याच्या मागे. दीड गुंठा. चुन्याच्या रेघा मारल्यात, कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट, त्यांना लाल रंग. मधे सोयाबीनची धसकटं अजून तशीच. रेघेच्या आत जाऊन उभी राहिले आणि एकदम हसूच आलं. बजरंग प्लॉटिंगवाला बघत राहिला — बाईला काय झालं म्हणून.

पन्नाशी आली. घर अमरनाथच्या नावावर. (नवऱ्याचं नाव वहीत तरी घेते, तोंडानं आजवर घेतलं नाही.) किराणा दुकान त्यांच्याच नावावर. पिठाची गिरणी मी चालवते, सतरा वर्षं नाकातोंडात पीठ माझ्या जातं, पण लाईटबिलावर नाव त्यांचं! माझ्या नावावर एक पासबुक आणि ही वही. तर आता एक तुकडा घ्यायचाच. लहान का असेना.

बजरंग म्हणाला, "ताई, डोळे झाकून घ्या. दोन वर्षांत डबल हाय."

डोळे झाकूनच घ्यायचा तर दाखवायला कशाला नेलं?

२८ ऑक्टोबर

अमरनाथ म्हणाले एफडी कर. गिरणीवर दळण घेऊन आलेला मास्तर म्हणाला सोनं घ्या. शेजारीण म्हणाली पोरीच्या लग्नाला ठेव. (मला पोरगी नाही हे तिला माहीत आहे.) एका दिवसात तीन सल्ले, तिन्ही फुकट. दळणाचे तरी पैसे घेते मी!

३० ऑक्टोबर

रुद्राणीचा फोन. माझ्या भावाची, पंचाक्षरीदादाची मुलगी. "आत्या, आधारकार्डाचा फोटो टाक ना. शेताच्या कामाला लागतंय, आप्पा म्हणले."

दादाला सहा वर्षांत मला फोन करायला झालं नाही. आता शेताच्या कामाला माझं आधार! एकोणीस वर्षांपूर्वी सही घेतली, अजून काय राहिलंय माझ्याकडून घ्यायचं? "बघते" म्हटलं आणि ठेवला फोन. पोरीचा काय दोष, पण आवाज चढलाच माझा.

२ नोव्हेंबर

बीडला वकीलबाईंकडे गेले. उज्ज्वलाताई. त्यांच्या टेबलावर कागदांचा एवढा ढीग की बाई दिसेपर्यंत मान वर करावी लागते. मी म्हटलं, पहिल्यांदाच जमीन घेतेय, काय बघायचं सांगा. त्यांनी सांगितलं आणि मी भराभरा लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर माझंच अक्षर मला लागेना.

जेवढं लागलं तेवढं पुन्हा लिहिते. सातबारा दलालाच्या हातचा घ्यायचा नाही, आपण स्वतः काढायचा. नुसता सातबारा नाही, फेरफारही वाचायचे — जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली ते त्यात असतं. प्लॉट एनए आहे की नाही, म्हणजे शेतीचा बिगरशेती झाला की नाही, ते कागदावर बघायचं, तोंडी नाही. पैसे चेकनं. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, सगळ्यात शेवटी. रस्ता कागदावर आहे की नुसता चुन्याचा. आणि आधारकार्डाची प्रत कुणालाही सहज द्यायची नाही! यावर त्यांनी दोनदा बोट आपटलं. मला रुद्राणी आठवली. बरं झालं दिलं नाही ते.

मग त्यांनी मोबाईलवर सातबारा बघायला शिकवलं. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. शेवटी वेडीवाकडी अक्षरं येतात, ती जशीच्या तशी टाकायची. मी चार वेळा चुकले. ताई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"एक लक्षात ठेवा," म्हणाल्या. "सातबाऱ्यावर नाव कंसात गेलं की त्या माणसाचा हक्क गेला. कंस नसेल तर माणूस अजून त्या जमिनीत उभा आहे असं समजायचं."

३ नोव्हेंबर

बजरंगला विचारलं, एनए आहे का?

"व्हनारच हाय."

आहे का?

"फाईल लावलीय ताई. झाल्यातच जमा."

म्हणजे नाही. मग माझं पुढचं बोलणं विसरायला झालं, कारण त्यानं इतकं गोड हसून सांगितलं की मलाच वाटलं, मी उगाच खवचटपणा करतेय.

५ नोव्हेंबर

एकटीच गेले प्लॉटवर. वकीलबाईंनी सांगितलं होतं — दलालाबरोबर बघितलेली जागा आणि एकटीनं बघितलेली जागा, दोन जागा असतात. ढाब्यावर चहा घेतला. ढाबेवाल्याला सहज विचारलं, पावसाळ्यात इथं कसं असतं?

"मागच्या बाजूला गुडघाभर पानी ऱ्हातंय. म्हशी बसत्यात."

तो बोटानं माझा दीड गुंठाच दाखवत होता!

पलीकडच्या शेतात एक म्हातारा होता. त्याला विचारलं, बजरंगच्या नकाशात चोवीस फुटी रस्ता आहे तो कुठून जातो? तो म्हणाला, "कोन्ता रस्ता? माज्या वावरातून? न्हाई बा." आणि हातातली काठी त्यानं एवढ्या जोरात रोवली की मी विषयच बदलला.

घरी येऊन अमरनाथला सांगितलं तर म्हणाले, "मग सोड की नाद." त्यांनी असं म्हटलं की मला सोडवत नाही. हा माझा जुना रोग आहे.

६ नोव्हेंबर

बजरंग म्हणतो मुरूम टाकून दोन फूट वर उचलू, पाणी गेलं. म्हाताऱ्याशी बोलणी झालीत, तो सगळ्यांना तसंच म्हणतो. फाईलही महिन्यात येईल.

त्याचं ऐकते तेव्हा त्याचं खरं वाटतं. वकीलबाईंचं ऐकते तेव्हा त्यांचं. ढाबेवाल्याचं तर सगळ्यात खरं, कारण त्याला काही विकायचं नव्हतं. माझं मला काय वाटतं हे कुणी विचारलं तर मी सांगूच शकणार नाही. तरी रात्री डोळे मिटले की लाल खुंटच दिसतात.

९ नोव्हेंबर

आज दुपारी गिरणी बंद होती, लाईट नव्हती. मोबाईलवर स्वतः काढला त्या गटाचा सातबारा! तिसऱ्या प्रयत्नात उघडला. मालक भागवत — हा माहीत होता, बजरंगनं भेटवलेला, चष्म्यावरून बघणारा. पण त्याच्याखाली आणखी एक नाव. चंद्रभागा. भागवतची बहीण असणार. कंस नाही!

एवढा आनंद झाला की विचारू नका. चोर सापडावा तसा. मग पाच मिनिटांनी आनंद उतरला, कारण चोर कोण ते कळेना.

१० नोव्हेंबर

बजरंगला सांगितलं. तो जरा ओशाळला, पण लगेच सावरला. "आवो ते निस्तं नाव हाय. बहीन धारूरला दिलीय. बापाच्या मागं दोगांचं नाव लागलं, तिची सही घ्यायची राहून गेली. एका साडीचं काम हाय."

एका साडीचं काम.

मला काय सांगतो हा! मी स्वतः एका साडीला सही दिलेली बाई आहे.

११ नोव्हेंबर

कालपासून डोक्यात तेच. लिहूनच टाकते.

वडील गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला मला माहेरी बोलावलं. आमचं गाव धारूरच्या अलीकडे, घाट चढायच्या आधी. चुलत्यांनी शंभराचा बॉन्ड पुढे ठेवला. वहिनीनं ताटात हिरवी साडी, खण, नारळ. चुलते म्हणाले, "बहिनीनं हक्क सोडला म्हंजी माहेर टिकतंय, शिवकांता." सगळ्याच बहिणी सोडतात. न सोडणारीला लोक काय म्हणतात तेही मला माहीत होतं. सही केली. दादा समोरच बसला होता, खाली मान घालून चटईची काडी मोडत. एक शब्द बोलला असता — राहू दे म्हणाला असता — तरी मी सही केलीच असती. पण बोलला नाही. तेच लागलं.

त्यानंतर मी माहेरी जाणं कमी केलं. भांडले नाही. भाऊबीजेला काहीतरी कारण सांगायचे, मग त्यानंही विचारणं सोडलं. फक्त दरवर्षी पौषात दादाकडून टेम्पोतून तुरीचं पोतं येतं. चिठ्ठी नाही, काही नाही. भीक घातल्यासारखं. मी ती तूर गिरणीत भरडते आणि विकून टाकते. घरात शिजवत नाही.

१३ नोव्हेंबर

अडचण अशी आहे — भागवत आणि बहीण बोलत नाहीत. बजरंग म्हणतो भागवत जाणार नाही, तो गेला तर ती पैसे मागेल. "बाईनं बाईशी बोललं की काम व्हतं. ताई, तुमीच चला. साडी मी घेतो. सही झाली की तुमचा कागद मोकळा, मंग आठ दिवसांत खरेदीखत."

वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, सही नसेल तर अजिबात घेऊ नका, उद्या तिनं दावा लावला तर तुमचे पैसे अडकतील. मी विचारलं, पण मी जाऊन तिची सही आणली तर? मग म्हणाल्या, "कायद्यानं चालतं."

कायद्यानं चालतं. म्हणजे कशानं चालत नाही?

१४ नोव्हेंबर

जाऊ नये. ठरलं.

१५ नोव्हेंबर

जावं असं वाटतंय. त्या बाईची जमीन तशीही तिला मिळणार नाही. मी नाही गेले तर दुसरं कुणी साडी घेऊन जाईल. निदान माझं तरी होईल! अमरनाथना हे बोलून दाखवलं. ते उदबत्त्यांचे पुडे लावत होते. म्हणाले, "तुला पटलंय का?" मी म्हटलं हो. "मग मला कावून सांगतीस?"

या माणसाला तीस वर्षांत धड भांडता येत नाही.

१८ नोव्हेंबर

धारूरला जाऊन आले. नीट लिहायला पाहिजे, नाहीतर उद्या मीच विसरेन काय झालं ते.

बजरंगच्या गाडीतून गेलो. साडी मांडीवर माझ्या — जांभळी, काठाची, बऱ्यापैकी. माहेरचा फाटा आला तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघितलं. घाट चढून वर गेलो. किल्ल्याच्या खालच्या गल्लीत चंद्रभागाबाईचं घर. दोन खोल्या, दारात चार शेळ्या, भिंतीला शेणाच्या गोवऱ्या. बाई साठीच्या. नवरा नाही. भागवतनं पाठवलंय म्हटल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला, मग आमच्यामागे गाडीकडे बघितलं — तो आलाय का म्हणून.

"सोता कावून आला न्हाई?"

"काम होतं त्यांना," मी म्हटलं. खोटं बोलायला मी पटकन शिकले!

"आठरा वर्षं कामच हाय त्याला."

शेळीच्या दुधाचा चहा केला. साडी मी पुढे ठेवली. त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि नाकाशी नेऊन वास घेतला. नव्या कापडाचा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि माझी मान खाली गेली. मला ती चटईची काडी आठवली. दादाची मान का खाली होती, हे मला त्या क्षणी थोडं कळलं, आणि कळायला नको होतं असंही वाटलं.

"लई झालं," म्हणाल्या. "भावानं साडी धाडली. सही कुटं करू? सही येती मला. बापानं शिकवलती."

बजरंगनं कागद उघडला, पेन काढला. बोट ठेवून जागा दाखवली. आणि माझ्या तोंडून निघालं, "आधी वाचून दाखवा त्यांना."

बजरंगनं माझ्याकडे असं बघितलं! "ताई, तुमी कुनाकडून हाय?"

खरंच की. मी कुणाकडून होते? घेणारी मी. साडी आणणारी मी. कागद मीच ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला. भावावरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीनं.

"मोबदला म्हंजी?"

म्हटलं, पैसे. तुमच्या जमिनीचे.

"तिला काय पैसे येनार? माळ हाय ती. कुसळं उगवायची तितं."

मग मी सांगितलं गुंठ्याला भागवत काय भाव घेतोय ते. मला सांगायची काय गरज होती? कुणी विचारलंही नव्हतं! बजरंग उठून बाहेरच गेला. चंद्रभागाबाई बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मग पेनाला टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं.

"साडी ठिवते," म्हणाल्या. "साडी भावाची हाय. सही न्हाई देत. सही पायजे तर त्येला म्हनावं माज्या दारात ये, चा पी, आन तुज्या तोंडानं माग. मंग बगू काय करायचं ते."

निघताना माझा हात धरला. "तू दिलती का गं सही? तुज्या भावाला?"

"दिली."

"किती साड्याला?"

"एकच. हिरवी."

"मंग गेलं का नाव तुजं?"

"गेलंच असणार. सही दिल्यावर काय राहतंय?"

"बगितलंस का?"

मी हसले. बघायचं काय त्यात.

१९ नोव्हेंबर

भागवतचा फोन. काय काय बोलला ते वहीत लिहिण्यासारखं नाही. "दुसऱ्याच्या घरात भांडन लावनारी बाई" हे त्यातल्या त्यात सभ्य. बजरंग म्हणाला, "ताई, तुमाला प्लॉट घ्यायचाच नव्हता. टाईमपास केला." जांभळ्या साडीचे पैसेही मागितले. मी दिले. मुकाट्यानं.

२० नोव्हेंबर

गिरणीवर होते दिवसभर. दोनदा बाजरी गव्हात मिसळली.

बरोबर केलं की मातीत घातलं, काही कळेना. शहाणपणा केला म्हणावं तर हात रिकामे. पाणी साचणारी, रस्ता नसलेली, एनए नसलेली जागा होती — न घेतली तेच बरं! पण त्यासाठी नव्हती सोडली मी. हे कुणाला समजावून सांगू? वकीलबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, छान, तुम्ही तयार झालात, आता दुसरा प्लॉट बघा. कसली तयार!

अमरनाथ संध्याकाळी म्हणाले, "गिरणीचं मीटर तुझ्या नावावर करून घेऊ का? अर्ज करावा लागतो." मी म्हटलं राहू द्या. मग आत जाऊन रडले. मीटरसाठी नाही.

२५ नोव्हेंबर

चौसाळ्यातच एका बाईनं विचारलं, वहिनी, तुम्हाला प्लॉटचं कळतं म्हणे, काय बघायचं असतं? तिला सगळं सांगितलं — सातबारा, फेरफार, रस्ता, पाणी, एकटीनं जा, सगळे पैसे एकाच ठिकाणी घालू नको, विकणाऱ्याला बहीण आहे का बघ. एवढं धडाधडा आलं की मलाच नवल वाटलं. "आणि बहीण असली तर?" तिनं विचारलं.

तर — तिथं माझी गाडी अडली. म्हटलं, तर तिच्या घरी चहा पिऊन ये.

२ डिसेंबर

रुद्राणीचा पुन्हा मेसेज. "आत्या आधार?? तारीख संपत आली. आप्पा रोज विचारतात." उत्तर दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

६ डिसेंबर

चंद्रभागाबाईचं ते वाक्य जात नाही डोक्यातून. बगितलंस का?

बघून काय मिळणार? कंस मिळणार. स्वतःच्या नावाभोवतीचा कंस बघायला कुणाला हौस असते? तरी तीनदा मोबाईल हातात घेतला आणि ठेवला.

९ डिसेंबर

बघितलं. गट नंबर अजून पाठ होता.

पंचाक्षरी. त्याच्याखाली — शिवकांता भ्र. अमरनाथ. (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा.) कंस नाही! चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नाही. तो सही केलेला बॉन्ड दादानं तलाठ्याकडे दिलाच नाही. एकोणीस वर्षं!

रुद्राणीला फोन लावला. आधार कशाला पाहिजे गं? "आत्या, शेतकरी ओळखपत्र काढायचंय ना. आप्पांचं झालं. तुझ्या वाट्याचं राहिलंय."

एकोणीस पोती तूर. आणि मी त्याला भीक म्हणत होते.

फोटो पाठवला. दोनदा उलटाच गेला.